चौदा दिवसांचं मौन

शहराबाहेरच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. शेवटच्या घरापलीकडे एक कडुलिंब, कडुलिंबाखाली टिनाचं शेड, आणि शेडपुढे दर रविवारी सकाळी उघड्या पाठींची रांग. बनियन काढून बसलेले बाप्ये, पदर पुढे ओढून पाठ मोकळी केलेल्या बाया, भेदरलेली पोरं, सगळे गुडघ्यांवर कपाळ टेकून बसलेले. रिक्षावाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांना तिथं आणणारी गोष्ट एकच होती. प्रत्येकाला कुठलं ना कुठलं कुत्रं चावलं होतं.

रांगेमागून थाळीवाले महाराज फिरत. अंगात भगवी कफनी, कपाळाला शेंदूर, हातात काशाची थाळी. थाळीचं बूड किंचित आत गेलेलं आणि घासून घासून गुळगुळीत झालेलं. महाराज आधी ओल्या फडक्यानं पाठ पुसत, चिमूटभर राख चोळत आणि मग पाठीच्या मधोमध थाळी अशी सणकून बसवत, की चावलेल्या माणसाला कुत्र्याचा विसर पडावा.

“वाक गा, अजून वाक,” महाराज म्हणत. “जहर वर चढून राहिलं. थाळीले भेटू दे त्याले.”

महाराज हात काढून घेत तरी थाळी पाठीवरच राही. गर्दीत ‘चिपकली, चिपकली’ अशी कुजबुज पसरे. महाराज गर्दीकडे वळत. “पाहून घ्या. थाळी जहर पिऊन राहिली. पोट भरलं का आपोआप सुटन. डॉक्टर सुई टोचते, म्हणजे आत टाकते. आपण बाहेर काढून राहिलो. आता तुम्हीच सांगा, जहर आत टाकावं का बाहेर काढावं?”

या प्रश्नाला उत्तर होतं, पण पाठ उघडी टाकून बसलेला माणूस वाद घालण्याच्या मनःस्थितीत नसतो. थोड्या वेळानं महाराज फर्मावत, “आता ताठ बस, मान वर कर, भैरवाचं नाव घे.” माणूस मान वर करी आणि थाळी खणकन खाली पडे. जहर गेलं. नारळ ठेवायचा आणि घरी जायचं.

आणीबाणी लागण्याच्या आधीचा तो उन्हाळा. कुत्रं चावलं तर मोठ्या दवाखान्यात चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक, त्याही पोटात. त्या सुयांच्या गोष्टी ऐकूनच निम्म्या लोकांना नंदनवनचा रस्ता सापडायचा.

रांग लावायचं काम मनोहररावांचं. मूळचे नरखेड तालुक्यातले, संत्र्याची बाग भावाकडे आणि स्वतः भूमापन कचेरीत हेडक्लार्क. बी. ए. झालेले असल्यामुळे त्यांना नुसती श्रद्धा पुरत नसे, श्रद्धेला शास्त्राचा टेकूही लागे. काशात तांबं असतं, तांब्यातून वीज वाहते, विजेनं विष खेचलं जातं, असं ते नव्या माणसाला समजावून सांगत. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर अडाणी माणूस निश्चिंत होई. पुढे लोक शेडला मठ म्हणू लागले आणि मठाची समिती झाली, तेव्हा मनोहरराव साहजिकच तिचे सेक्रेटरी झाले.

त्यांचा विश्वास उगाच नव्हता. मागच्या थंडीत शेजारच्या दत्तोपंतांच्या टिपूनं त्यांच्या पोटरीचा लचका तोडला होता. चांगला ओळखीचा कुत्रा. यांनी जाता जाता लाडानं डोकं खाजवलं आणि तो फिरून चावला. महाराजांनी थाळी लावली, थाळी पडली, मनोहरराव ठणठणीत राहिले. याहून मोठा पुरावा कुठला हवा?

दोन प्लॉट सोडून गुरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर राहत. आडनाव देवपुजारी आणि माणूस देवाचं नावही न घेणारा, त्यामुळे मोहल्ल्यात त्यांची चेष्टा ठरलेली. तोंडानं फटकळ. एका रविवारी ते सरळ रांगेत घुसले आणि एकेकाला विचारू लागले, तुम्हाला चावलेलं कुत्रं आता कुठं आहे?

एकजण म्हणाला, पानठेल्यापाशी झोपलं असन. एका बाईनं सांगितलं की कुत्री व्यालेली आहे, पिलांजवळून गेले म्हणून चावली, आत्ताच तिला भाकर टाकून आले. एका सायकलवाल्यामागे गल्लीतलं कुत्रं रोज धावत होतं, आजही धावलं. डॉक्टर मनोहररावांपुढे येऊन उभे राहिले.

“टिपू कसा आहे?”

“मजेत आहे. आता तं चावतही नाही.”

“चावत नाही, कारण त्याचा कान मी बरा केला. आत पू झाला होता. तुम्ही नेमका तोच कान खाजवला. तुमच्या दुखऱ्या दाढेवर कोणी थापट मारली तर तुम्हीही चावाल.” डॉक्टर गर्दीकडे वळले. “पिसाळलेलं कुत्रं चावल्यानंतर दहा दिवसांच्या आत मरतं. तुमची सगळी कुत्री खाऊनपिऊन सुखी आहेत. जे विष कुत्र्यातच नव्हतं, ते थाळीनं कुठून ओढलं?”

रांगेत चुळबुळ झाली. डॉक्टरांनी मग रामाजीला बोलावलं. रामाजी मठातला म्हातारा सेवेकरी, झाडलोट करायचा आणि शेडमध्येच झोपायचा. कुत्र्यांचा त्याला एवढा लळा की जन्मात एकही त्याच्यावर गुरगुरलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला वाकवलं, फडक्यानं पाठ पुसली आणि महाराजांचीच थाळी त्याच्या पाठीवर हाणली. थाळी चिकटली. न चावलेल्या माणसाच्या पाठीला थाळी चिकटलेली पाहून लोक महाराजांकडे बघू लागले.

महाराज क्षणभरही अडखळले नाहीत. “मागल्या जन्मी चावलं असन,” ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मागल्या जन्मीचं जहर आपल्याला न विचारता उतरलं, म्हणून त्यानं डॉक्टरांच्याच पाया पडून घेतलं. मनोहररावांनी घरी येऊन हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. प्रेमिलाबाई हसल्या नाहीत. टिपूचा कान खरंच वाहत होता, मी पाहिला होता, एवढंच म्हणाल्या.

मेच्या मध्यात उमरेड रस्त्यानं एक भुरं कुत्रं आलं. लाळ गाळत, आपल्याच तंद्रीत, वाटेत येईल त्याला तोंड घालत. बैलगाडीचं चाक चावलं, लाकडाचं ढलपं चघळलं, एका बकरीला फाडलं आणि मठापाशी येऊन धडपडलं. गर्दी पांगली. महाराज टेबलावर चढून मंत्र म्हणत राख उधळू लागले. रामाजीनं मात्र पुढे होऊन कुत्र्याच्या गळ्यात दोरी टाकली आणि त्याला कडुलिंबाला बांधलं. श्रेय टेबलावरच्या माणसाला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं गप्प होतं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. जबडा उघडा लोंबत होता, जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. डोळे अर्धवट मिटलेले. पागल कुत्र्याला महाराजांनी एका रात्रीत मुकं केलं, ही बातमी दुपारपर्यंत शहरात इतवारीच्या बाजारात पोचली. संध्याकाळी लोक टांगे करून आले. आजवर महाराज माणसाच्या अंगातलं जहर काढत होते, आता त्यांनी ते कुत्र्याच्या अंगातूनच काढलं होतं.

कोणीतरी म्हणालं, त्याच्या घशात हाड अडकलं वाटते. महाराजांनी संधी सोडली नाही. बाही सावरली, सगळ्यांदेखत कुत्र्याच्या उघड्या तोंडात हात घातला आणि इवलंसं हाड काढून दाखवलं. ते हाड हातात आधीपासून होतं, हे सांगायला नको. पण कुत्र्याचे दात खरे होते. महाराजांच्या बोटावर लाल रेघ उमटली, ती त्यांनी कफनीला पुसून टाकली.

हाड काढूनही कुत्र्याला गिळता येईना. प्रेमिलाबाईंना राहवलं नाही. आदल्याच दिवशी त्या लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. अडकित्ता सटकून त्यांच्या आंगठ्याला चीर गेली होती. तशाच हातानं त्यांनी पोळी दुधात कुस्करली आणि घास कुत्र्याच्या घशाशी नेऊन ठेवला. लाळ मनगटापर्यंत आली. मनोहरराव शेजारी उभं राहून लोकांना सांगत होते की ही आमची मिसेस. रामाजी रात्री कुत्र्याच्या अंगावर हात टाकून झोपला. तोंड पुसायला त्याच्यापाशी आपलंच धोतर होतं, आणि पायांच्या भेगा भरायला काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर देवपुजारी आले. दोन हात लांब उभे राहून त्यांनी कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं. बोलले तेव्हा त्यांचा नेहमीचा चेष्टेचा सूर नव्हता.

“याच्या घशात काही अडकलेलं नाही. याचा जबडा लुळा पडलाय, घसाही. हे कुत्रं पिसाळलेलंच आहे. चवताळून मरतात तशी काही अशी मुकी होऊन मरतात. जे चवताळतं ते माणसाला पळायला तरी सांगतं, हे तेवढंही सांगत नाही. ज्यांनी ज्यांनी हात लावला, ज्यांच्या हातापायाला चीर आहे, खरचटलंय, त्यांनी आत्ता साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. चौदा सुया. एकही चुकवायची नाही.” मग त्यांची नजर महाराजांच्या बोटावर गेली. “महाराज, तुम्हीसुद्धा.”

महाराज हसले, पण हसू यायला जरा उशीर झाला. मनोहररावांना तो उशीर दिसला. त्यांनी त्याचा अर्थ क्षमाशीलता असा लावला.

महाराजांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना थाळी लावली. प्रेमिलाबाईंना, रामाजीला, कुत्र्याच्या पाया पडलेल्या प्रत्येकाला. सगळ्यांच्या थाळ्या व्यवस्थित चिकटल्या, व्यवस्थित पडल्या. दुसऱ्या दिवशी कुत्रं मेलं. तेही मठाच्या पथ्यावर पडलं, कारण भैरवाचं वाहन काम संपवून निघून गेलं असं जाहीर करता आलं. कडुलिंबाखाली खड्डा खणला, झेंडूच्या माळा आल्या. डॉक्टर धावत आले. कुत्र्याचं डोकं तपासणीला पाठवलं तर सगळा निकाल लागेल, तेवढं मला द्या, असं ते हात जोडून म्हणाले. देवाच्या कुत्र्याचं मुंडकं मागणाऱ्या माणसाला लोकांनी काय द्यायचं ते दिलं. डॉक्टरांचा चष्मा फुटला, ओठ फाटला. पहिला धक्का मनोहररावांचा होता. प्रेमिलाबाईंनी तो अंगणातून पाहिला.

त्या रात्री वाढताना त्यांनी विषय काढला.

“मी जाऊन येऊ का दवाखान्यात?”

“काहून?”

“आंगठा अजून दुखून राहिला. सुया घेतल्या तं बिघडते काय?”

आधी मनोहररावांनी हसण्यावारी नेलं. मग काशातलं तांबं आणि तांब्यातली वीज सांगितली. प्रेमिलाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं ते बाहेर आलं. सेक्रेटरीचीच बायको पोट उघडं करून दवाखान्याच्या रांगेत दिसली, तर मठात कुठल्या तोंडानं जायचं? त्यांनी ताट बाजूला सारलं. यापुढे हा विषय नको, म्हणाले. प्रेमिलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या रोज आंगठ्याकडे तेवढ्या बघत.

महाराजांनी दुसऱ्या दिवसापासून मौन धरलं. रोज सकाळी दर्शन बंद, शेडला आतून कडी, कोणाची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. दुपारनंतरच भक्तांची भेट. असं चौदा दिवस चालणार. मनोहररावांनी पाटी रंगवून शेडच्या दाराला लावली आणि विचारणाऱ्याला चौदाचा महिमा आपल्या पदरचा सांगितला. चौदा भुवनं, चौदा विद्या, समुद्रातून निघालेली चौदा रत्नं, रामाचा वनवासही चौदाच वर्षांचा. आकडा काही साधासुधा नाही. शेडला मागच्या बाजूनं पत्रा सरकवून बाहेर पडता येतं, हे समितीत कोणाला ठाऊक नव्हतं.

आठवडाभरानं कचेरीतले बाबाराव हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात भरती झाले. मनोहरराव सकाळीच त्यांना पाहायला गेले. वॉर्ड शोधताना व्हरांड्यात त्यांना कुत्रं चावलेल्यांची रांग लागली. शर्ट वर करून, पायजम्याची नाडी सैल करून उभी असलेली माणसं. सिस्टर कागद बघून नावं पुकारत होती.

“गोविंदा. आठवी सुई. पोट मोकळं करा.”

पांढऱ्या सदऱ्यातला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस पुढे सरकला. त्यानं सदरा वर धरला. बेंबीभोवती सुजलेल्या लाल गाठी होत्या. सुई आत गेली तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटून दात आवळले, आणि मग मान वर केली. कपाळावर शेंदराचा डाग पुसट राहिला होता.

मनोहररावांनी तो डाग ओळखला. महाराजांनी त्यांना पाहिलं. पळून जावं, गयावया करावी, असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते नाडी बांधत जवळ आले, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसे बोलू लागले.

“थाळी लोकायसाठी असते, मनोहरराव. पागल कुत्रं शंभरात एखादं निंगते, बाकीच्यायले काय होणार आहे? पण हे कुत्रं खरं होतं. डॉक्टर बोलला तेव्हाच मले समजलं.”

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, “वहिनी कोठी आहे? त्यायची कितवी झाली?”

मनोहररावांनी नकारार्थी मान हलवली. महाराजांच्या चेहऱ्यावर आता खरंखुरं आश्चर्य आलं.

“आणलंच नाही?” ते म्हणाले. “तुम्ही तं शिकलेले आहात गा. मले वाटलं, तुम्ही गुपचूप घेऊन येत असान.”

मनोहररावांनी बाबारावांसाठी आणलेली मोसंबी व्हरांड्यातच टाकली आणि ते घराकडे धावत सुटले. रिक्षा करायचं त्यांना वर्धमाननगराच्या वळणावर सुचलं. प्रेमिलाबाई ओट्यापाशी होत्या. चल, म्हणाले. काहून, असं त्यांनी विचारलं नाही. हात धुतले, पदर सारखा केला आणि रिक्षात बसल्या. वाटेत मनोहररावांनी सगळं सांगितलं, रडलेही. प्रेमिलाबाई रस्त्याकडे बघत होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उशीर का केला म्हणून मनोहररावांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. सुया सुरू करू, म्हणाले, पण वाया गेलेले दिवस परत आणता येत नाहीत. यापुढे वाट पाहणं तेवढं आपल्या हातात. काही दिसायचं असलं तर महिन्यानं दिसेल, तीन महिन्यांनी दिसेल, क्वचित वर्षानंही.

पुढल्या रविवारी मठात नेहमीसारखी गर्दी होती. उघड्या पाठी बसल्या होत्या. मौन संपत आल्यामुळे महाराज त्या दिवशी सकाळीच सुई घेऊन येऊन कफनी चढवून बाहेर बसले होते. मनोहररावांनी सगळं लोकांना सांगायचं प्रेमिलाबाईंपाशी कबूल केलं होतं. ते उभे राहिले, खाकरले, ‘बंधूंनो’ म्हणाले आणि थांबले. तेव्हा बायांच्या रांगेतून प्रेमिलाबाई उठल्या आणि महाराजांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“इतके दिवस तुम्ही सगळ्यायनं पाठी पाहिल्या,” त्या लोकांना म्हणाल्या. “आज एक पोट पाहून घ्या.”

आणि महाराज सावरायच्या आत त्यांनी कफनी कमरेच्या वर ओढली.

बेंबीभोवती सुयांचं रिंगण होतं. काही गाठी जुन्या, काही ताज्या, सकाळचा कापसाचा बोळा अजून चिकटलेला. कुत्रं चावलेल्या घरांतल्या लोकांना त्या खुणा समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. चौदा सुया आणि चौदा दिवसांचं मौन यांचा मेळ प्रत्येकाच्या डोक्यात आपापला बसला. पाटीवरचा तो आकडा ज्यांनी रंगवला होता, ते मनोहरराव खाली बघत होते.

डॉक्टर देवपुजारी मागे उभे होते, नवा चष्मा घालून. ते पुढे आले आणि त्यांनी थाळी उचलून पालथी धरली. बूड आत गेलेलं आहे, बघा, म्हणाले. पाठ ओली, मेचा घाम, वरून राखेचा चिखल. जोरात आपटली की मधली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा थाळीला दाबून धरते. माणूस वाकलेला असतो तोवर पाठ ताणलेली राहते. महाराज मान वर करायला सांगतात, पाठीची हाडं हलतात, फटीतून हवा आत शिरते, थाळी पडते. जहर पिऊन पोट भरलं म्हणून नाही. त्यांनी ती रांगेतल्या पाठींवर, चहाच्या टपरीवाल्याच्या पाठीवर, शेवटी मनोहररावांच्या पाठीवर चिकटवून दाखवली. मान खाली, थाळी वर. मान वर, थाळी खाली. पोरांना त्याचा खेळच सापडला.

लोकांनी मग महाराजांना चौदावं रत्न दाखवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी डॉक्टरांना मारणारे हात आता महाराजांवर पडत होते, तितक्याच भक्तिभावानं. डॉक्टरच मधे पडले, नाहीतर सुया फुकट गेल्या असत्या. त्या झटापटीत काशाची थाळी कोणीतरी लांबवली. ती घेऊन जाणाऱ्यानं भाजी वाढायला नेली असेल, असं मानायला मन धजत नाही.

राहिला रामाजी. डॉक्टर त्याच्या मागे लागले, रिक्षा घेऊन आले, हात धरून ओढलं. रामाजी शेडच्या खांबाला मिठी मारून बसला. महाराजांच्या पोटावरच्या खुणा त्यानंही पाहिल्या होत्या, पण त्याला त्यांचा अर्थ वेगळा लागला होता.

“लोकायचं जहर महाराजानं आपल्या पोटात घेतलं,” तो म्हणाला. “अन् तुम्ही त्याले मारलं.”

पोळ्याच्या सुमारास त्याच्या पायाच्या भेगांना मुंग्या येऊ लागल्या. मग ताप, मग झोप उडाली. वाऱ्याची झुळूक आली तरी दचकू लागला. थाळी उरली नव्हती, म्हणून मोहल्ल्यानं जुना उपाय काढला. कुत्रं चावलेल्यानं सात विहिरींत डोकावलं की बाधा टळते. चारजणांनी त्याला धरून पहिल्या विहिरीवर नेलं. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा गळा आवळला गेला, अंग कमानीसारखं ताठ झालं, तोंडातून घुसमटलेला आवाज निघाला. आणलेल्यांना वाटलं, बाधा बाहेर पडून राहिली. त्यांनी त्याला दुसऱ्या विहिरीवर नेलं. मग तिसऱ्या. डॉक्टर पोचेपर्यंत पाच विहिरी झाल्या होत्या. रामाजीला तहान लागली होती, तो पाणी मागत होता आणि पेला पुढे केला की किंचाळत होता. तसाच तो दवाखान्यात दोन दिवस तहानलेला राहिला आणि मेला. ज्याच्यावर आयुष्यात कुत्रं गुरगुरलं नव्हतं, तो कुत्र्याच्या रोगानं गेला. थाळीवाला गोविंदा मात्र जिवंत आहे. चौदाच्या चौदा सुया त्यानं घेतल्या होत्या.

रामाजीच्या तेराव्याला लोक एकमेकांना सांगत होते, त्याची थाळी मागल्या जन्माच्या जहरानंच भरली होती, या जन्मासाठी जागा उरली नाही.

तेव्हा सरळच सांगितलेलं बरं. कुत्रं चावतं त्याला बहुतेक वेळा कारण असतं. कान दुखत असतो, दात किडलेला असतो, पिलं जवळ असतात, भर उन्हात साखळीला बांधून ठेवलेलं असतं. ते कारण शोधा, कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरकडे न्या. चावलं तर जखम साबणानं धुवा, त्याच दिवशी सुई घ्या आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. वागणं बदललेलं, लाळ गाळणारं, जबडा लोंबणारं कुत्रं कितीही गरीब दिसलं तरी त्याच्या तोंडात हात घालू नका. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्याची थाळी बघू नका. त्याच्यावर पाळी येते तेव्हा तो स्वतः कुठं जातो, ते बघा. एवढी अक्कल प्रत्येकापाशी असते. ती बी. ए. होऊन येत नाही आणि बी. ए. झाल्यानं टिकतही नाही.

मनोहररावांनी त्यानंतर वर्षभर एकच काम केलं. जेवताना प्रेमिलाबाईंनी पाण्याचा पेला उचलला की यांचा घास हातात थांबायचा. पाणी गळ्याखाली उतरताना दिसलं की मगच यांचं जेवण पुढे सरकायचं. प्रेमिलाबाईंना ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पीत आणि पेला खाली ठेवत.

वर्ष सरत आलं तेव्हा एका दुपारी त्यांनी पेला तोंडाला लावला आणि मधेच ठसका लागल्यासारखं केलं. गळ्याशी हात नेला, पेला आपटून खाली ठेवला. मनोहरराव ताटावरून अर्धवट उठले, चेहरा पांढराफटक. प्रेमिलाबाईंनी त्यांना तसंच राहू दिलं, चांगला वेळ. मग पदरानं तोंड पुसलं, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि शांतपणे विचारलं,

“थाळी आणू का?”